तलावात सोडलेला मोठा रेनबो ट्राउट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले रेनबो ट्राउट, म्हणजे गार, गोड्या पाण्यातले मासे, गळवाल्यांसाठी तलावात सोडल्याची खबर लागली की काठ दोन दिवसांत भरून जातो. संध्याकाळी बहुतेकांच्या पिशवीत वीत-सव्वा वीत लांबीचे मासे दिसतात, मोठा मासा एखाद्याच्याच. पुढच्या वेळीही बहुधा त्याच एखाद्याच्या. म्हणून याला निव्वळ नशीब म्हणायला मी तयार नाही. छोटा ट्राउट पकडण्याची रीत वेगळी आणि मोठा पकडण्याची वेगळी. त्यात मोठ्या माशांच्याही दोन तऱ्हा असतात, आणि लोक या सगळ्यांसाठी एकच गळ टाकून बसतात. खालचे बरेचसे प्रश्न तिथूनच निघतात.

मोठा म्हणजे नेमका केवढा?

सोडले जाणारे बहुतेक रेनबो २५ ते ३० सेंमी लांब, पाव किलोच्या आसपास असतात. ४५ सेंमीचा मासा साधारण किलोभर भरतो, ६० सेंमीचा अडीच-तीन किलो. मी ५० सेंमीच्या पुढच्याला मोठा म्हणतो, कारण तिथून दोरी, गळ, जाळी सगळ्याचा हिशेब बदलतो.

हा मासा किती वाढू शकतो याचं टोक पाहायचं असेल तर कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या डीफेनबेकर तलावाकडे पाहा. सप्टेंबर २००९ मध्ये तिथे शॉन कॉनराडने ४८ पौंडांचा, म्हणजे पावणेबावीस किलोंचा रेनबो काढला. दोन वर्षांपूर्वी, २००७ मध्ये, त्याच तलावात त्याच्या जुळ्या भावाने, ॲडमने, ४३ पौंड १० औंसांचा काढला होता. हे अजस्र मासे तिथल्या मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांतून निसटलेल्या वांझ माशांपैकी मानले जातात. माणसाने वाढवलेला मासा विक्रमाला पोचला यावर त्या वेळी गळवाल्यांत बरीच वादावादी झाली. सोडलेल्या माशाला कमी लेखणाऱ्यांनी मात्र हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

तलावात एवढे मोठे मासे येतात कुठून?

तीन वाटांनी.

पहिली वाट ब्रूडरची. मत्स्यबीज केंद्रात अंड्यांसाठी पाळलेले नर-माद्या काही वर्षांनी निवृत्त होतात आणि त्यांना तलावात सोडून देतात. दोन-चार किलोंचा, कधी त्याहून मोठा मासा एकदम पाण्यात येतो तो असा.

दुसरी वाट मुद्दाम वाढवलेल्या वांझ माशांची. फळलेल्या अंड्यांना थोडा वेळ कोमट पाण्यात किंवा प्रचंड दाबाखाली ठेवलं की त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात. असा मासा ट्रिप्लॉइड म्हणून ओळखला जातो. तो वीण करू शकत नाही. इतर ट्राउट वयात आल्यावर आपली बरीच ताकद अंडी आणि वीर्य बनवण्यात घालवतात आणि त्यांची वाढ मंदावते. ट्रिप्लॉइड माद्या मात्र खात आणि वाढत राहतात. मूळच्या स्थानिक ट्राउटशी त्यांचा संकर होत नाही, हाही त्यांना सोडण्यामागचा एक हेतू.

तिसरी वाट सगळ्यांत अवघड. लहान असताना सोडलेला, गर्दीच्या हंगामातून वाचलेला, उन्हाळा आणि हिवाळा काढलेला मासा. याला मी मुरलेला म्हणतो. ब्रूडर आणि नुकतेच सोडलेले ट्रिप्लॉइड हे नवखे. नवखा मासा आकाराने मोठा असला तरी त्या पाण्यात अडाणी असतो. मुरलेला मासा वागणुकीने जंगलीच झालेला असतो. आज आपण यातल्या कोणामागे आहोत हे घरून निघण्याआधी ठरवावं, कारण जागा, वेळ, आमिष सगळं त्यावरून ठरतं.

हातात आलेला मासा नवखा की मुरलेला, हे कसं ओळखायचं?

पर पाहा. सिमेंटच्या टाक्यांत दाटीवाटीने वाढलेल्या माशाचे पाठीवरचे आणि छातीचे पर झिजलेले, वाकडे, कडा जाड झालेले असतात. शेपटीची टोकं गोलसर होतात. मुरलेल्या माशाची शेपटी धारदार कोपऱ्यांची, अंग चांदीसारखं आणि धडाच्या मानाने डोकं लहान दिसतं. पाठीवर शेपटीच्या अलीकडे असणारा छोटा मांसल पर मुळातून नाहीसा असेल तर तो केंद्रात खूण म्हणून कापलेला असतो. तो सहसा परत येत नाही.

मासा कापला तर आणखी एक पुरावा मिळतो. तलावातले झिंग्यासारखे बारीक जीव खाऊन मांस गुलाबी-नारिंगी होतं, कारण त्यांच्यातलं रंगद्रव्य मांसात उतरतं. पण केंद्राच्या खाद्यातही तेच रंगद्रव्य मिसळलं जातं, त्यामुळे फक्त मांसाच्या रंगावरून निकाल देऊ नये.

मासे सोडले त्याच दिवशी गेलेलं बरं का?

छोट्यांसाठी जा. मोठ्यासाठी मी घाई करत नाही.

टाकीच्या ट्रकमधून आलेला मासा दमलेला असतो. अंगावर ताण, पाणी वेगळं, तापमान वेगळं. छोटे मासे थव्याने वरच्या पाण्यात गोल गोल फिरतात आणि काही तासांत समोर येईल त्यावर तोंड टाकू लागतात. मोठे ब्रूडर बऱ्याचदा पहिला दिवस काहीच घेत नाहीत. त्यांची भूक उघडते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर काठावरची गर्दीही ओसरायला लागलेली असते.

ट्रक जिथे पाण्यापर्यंत पोचू शकतो तिथेच मासे सोडले जातात, म्हणजे बहुधा बोटी उतरवण्याच्या उतारावर. पहिले काही दिवस त्या उतारापासून दोन्ही बाजूंना काठाकाठाने चालत शोधा. ब्रूडर एकेकटे किंवा जोडीने, गुडघाभर ते कंबरभर पाण्यात काठाला समांतर फिरतात. चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा असेल तर ते चक्क दिसतात. दिसला की त्याच्या अंगावर गळ टाकू नका. तो ज्या दिशेने चालला आहे तिकडे चार-पाच मीटर पुढे आमिष आधीच पडलेलं हवं.

सगळे तापमानाबद्दल का बोलतात?

कारण मोठ्या ट्राउटचा पत्ता थर्मामीटर सांगतो. पूर्ण तलाव मोकळा दिसत असला तरी त्याला राहण्याजोगा भाग बराच लहान असतो.

रेनबोला साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. २० अंशांच्या पुढे त्याचं खाणं मंदावतं, जिवावर ताण येतो. २५ अंशांच्या आसपास तो मरू लागतो. यात ऑक्सिजनचाही भाग आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २५ अंशांना फक्त ८ च्या आसपास. गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मोठ्या माशाला हा फटका छोट्याआधी बसतो.

उन्हाळ्यात खोल तलावाचे थर पडतात. वर गरम पाणी, तळाशी गार, आणि मध्ये एक पट्टा जिथे दर मीटरला तापमान झपाट्याने उतरतं. तळ गार असला तरी तिथला ऑक्सिजन कुजणाऱ्या गाळाने खाल्लेला असू शकतो. मग ट्राउटला उरतो तो या मधल्या पट्ट्याच्या आसपासचा काही मीटरांचा थर. भर दुपारी काठावर बसून तळाला आमिष टाकणारा माणूस अशा वेळी एक तर फार गरम पाण्यात बसलेला असतो किंवा ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात. दोन्हीकडे मासा नाही.

शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि वारा सगळं ढवळून टाकतो. थर मोडले की मासा पुन्हा कुठेही जाऊ शकतो आणि काठाकडे येतो. पाणी सगळ्यांत जड असतं ते ४ अंशांना. त्यामुळे बर्फ धरणाऱ्या तलावात हिवाळ्यात चित्र उलटं होतं: वर शून्याजवळचं पाणी, तळाला चार अंशांचं. वसंतात बर्फ वितळल्यावर उथळ काठाचं पाणी आधी तापतं, त्यात कीटक जागे होतात, आणि मोठे मासे बूट भिजतील एवढ्या पाण्यापर्यंत येतात.

एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून बोटीतून दर दोन मीटरला खाली सोडा, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा. ज्यांच्याकडे फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) आहे त्यांना हा मधला पट्टा पडद्यावर धूसर रेघेसारखा दिसतो. बोट नसेल तर उन्हाळ्यात पहाट गाठा, किंवा गार झरा-ओढा जिथे तलावात उतरतो ती जागा शोधा. दोन्ही जमत नसेल तर उन्हाळ्यात ट्राउटचा नाद सोडलेला बरा.

मग सगळ्यांत चांगला हंगाम कोणता?

पाणी ८ ते १५ अंशांत असतानाचे दोन तुकडे: वसंत आणि शरद. मला शरद जास्त भरवशाचा वाटतो, कारण मुरलेले मासे थंडीआधी पोट भरायच्या मागे असतात आणि काठावर माणसं कमी असतात.

वसंतात वेगळी गंमत असते. रेनबो मूळचा वसंतात वीण करणारा, जरी मत्स्यबीज केंद्रांनी निवड करून शरदात अंडी देणारे वाणही तयार केले आहेत. तलावात वाहतं पाणी नसेल तर वीण यशस्वी होत नाही, पण अंगातली ओढ जात नाही. मोठे मासे ओढ्याच्या मुखाशी आणि खडी असलेल्या काठांवर घुटमळतात. जिथे खरोखर वीण होते तिथे त्या माशांना त्रास देऊ नये. बऱ्याच ठिकाणी त्या काळात तसा नियमच असतो.

तलावात नेमकी कोणती जागा धरायची?

नवख्यासाठी वर सांगितलं. मुरलेल्यासाठी उथळ आणि खोल पाणी जिथे शेजारी शेजारी आहे अशी जागा हवी. पाण्यात घुसलेली जमिनीची नाकं, धरणाच्या भिंतीचे कोपरे, बुडालेल्या जुन्या ओढ्याचं पात्र, पाणवनस्पतींची बाहेरची कड. माशाला उथळात खाता यावं आणि दोन शेपट्या मारून अंधारात जाता यावं.

वाऱ्याकडे लक्ष द्या. सलग काही तास वारा ज्या काठावर आदळतो तिथे वरचं पाणी, त्यातले कीटक आणि त्यांच्या मागे छोटे मासे ढकलले जातात. शिवाय लाटांनी प्रकाश फुटतो आणि मोठा मासा धीट होतो. तिथे उभं राहणं त्रासाचं असतं. वारा तोंडावर, दोरीला झोळ पडतो. सगळे पाठीला वारा घेऊन आरामात उभे असतात त्याच्या समोरच्या काठावर जा.

आणि लांब फेकण्याची हौस आवरा. पहाटे आणि संध्याकाळी मोठा मासा काठापासून दहा मीटरांच्या आत असतो. पहिली फेक काठाला समांतर, पाण्यात पाय घालण्याआधी.

आमिष कोणतं: पिठाचा गोळा की गांडूळ?

नवख्याला गोळा, मुरलेल्याला गांडूळ. यावर माझं मत ठाम आहे.

केंद्रातला मासा जन्मापासून दाणेदार खाद्यावर वाढलेला असतो. पॉवरबेटसारखी तयार पिठं त्याच वासा-चवीच्या अंगाने बनवलेली असतात आणि त्यांतली बरीच पाण्यावर तरंगतात. हे तरंगणंच कामाचं. शिसं तळाला बसतं, गोळा त्याच्यावर पाण्यात उभा राहतो आणि तळाजवळून फिरणाऱ्या माशाच्या तोंडासमोर येतो.

मांडणी अशी. मुख्य दोरीत भोक असलेलं ५ ते १० ग्रॅमचं सरकतं शिसं ओवायचं, खाली मणी, मग स्विवेल, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी. स्विवेलच्या पुढे ४ पौंडी (म्हणजे ४ पौंड ओढीला तुटणारी) फ्लुरोकार्बनची, पाण्यात कमी दिसणारी पुढची दोरी ४५ ते ९० सेंमी, टोकाला ८ किंवा १० नंबरचा एकेरी गळ (नंबर मोठा तसा गळ लहान), किंवा १४-१६ नंबरचा छोटा तिहेरी गळ. गोळा गळ झाकेल एवढाच, वाटाण्याहून थोडा मोठा. काठाजवळ पाण्यात सोडून पाहा: गळासकट वर येत नसेल तर पीठ कमी आहे किंवा गळ जड आहे. तळाला शेवाळ-गवत किती उंच आहे त्यावरून पुढच्या दोरीची लांबी ठरवायची. गोळा गवतात दडला तर दिवसभर काही होणार नाही.

मासा ओढायला लागला की दोरी शिशातून सुळकन सरकली पाहिजे. म्हणून रीळाचा बेल (दोरी अडवणारी तारेची कडी) उघडा ठेवा किंवा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोरी सोडेल ते ठरवणारा ब्रेक, अगदी सैल. मोठा मासा ओझं जाणवताच आमिष थुंकतो.

गांडूळ लावताना पूर्ण, लांब गांडूळ गळावर फक्त एकदा अडकवा आणि दुसऱ्या टोकाजवळ बारीक सुईच्या सिरिंजने हवेचा छोटा बुडबुडा भरा. ते तळावरून उठून वळवळत राहतं. सिरिंज बोटाच्या दिशेने कधीच धरू नका. मुरलेल्या माशाने गोळे ओळखण्याइतका हंगाम पाहिलेला असतो. वळवळणाऱ्या गांडुळापुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही.

पिठाचा रंग कोणता घ्यावा?

गढूळ पाण्यात भडक, स्वच्छ पाण्यात फिका. अर्ध्या तासात काही नाही तर बदला. यापलीकडे रंगावर जेवढी चर्चा होते तेवढी तिची लायकी नाही. हाताला लागलेलं सनस्क्रीन, डासांचं मलम आणि पेट्रोल मात्र आमिषाला हात लावण्याआधी धुवून काढा.

स्पिनर आणि स्पून मोठ्याला चालतात का?

स्पिनर म्हणजे फिरत्या पात्याचं आणि स्पून म्हणजे चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष. दोन्ही चालतात, आणि मुरलेल्यासाठी माझी पहिली पसंती तीच. रेनबो लहान असताना कीटक आणि बारीक जिवांवर जगतो; मोठा झाला आणि तलावात छोटे मासे असले की तो त्यांच्याकडे वळतो. ५ ते १० ग्रॅमचा स्पून दूर जातो आणि हव्या त्या खोलीला नेता येतो. टाकल्यावर आकडे मोजत बुडू द्या, प्रत्येक फेकीला पाच-पाच आकडे वाढवा. ज्या आकड्याला धक्का बसला तो धरून ठेवा. गुंडाळणं हळू ठेवा, मध्येच एक क्षण थांबा. बहुतेक मोठे मासे त्या थांब्यावरच घेतात.

७ ते १० सेंमीची माशाच्या आकाराची लूर (खोटं आमिष) पहाटेच्या अंधारात काठालगत चालवणं हा छोट्यांना टाळण्याचा सरळ मार्ग. फटके, म्हणजे माशाने तोंड मारल्याचे धक्के, कमी बसतात. कंटाळा येणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

बोटीतून ट्रोलिंग कसं करायचं?

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे लूर ओढत नेणं. वेग ताशी २ ते ३ किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याहूनही सावकाश. सरळ रेषेत जाऊ नका. वळणावर आतल्या बाजूची लूर मंदावून खाली जाते, बाहेरची वेग घेऊन वर येते. कोणत्या रॉडला मासा लागला यावरून त्या दिवशीचा वेग आणि खोली कळते.

उन्हाळ्यात मधल्या पट्ट्यापर्यंत लूर नेण्यासाठी शिशाचा गाभा असलेली लेड-कोअर दोरी किंवा डाउनरिगर (जड वजनाने लूर ठरावीक खोलीला नेणारं साधन) लागतो. लूर माशाच्या किंचित वर चालली पाहिजे. ट्राउट वर उठून घेतो, खाली डोकं घालून क्वचितच.

फ्लाय फिशिंग येत असेल तर?

फ्लाय म्हणजे गळावर बांधलेली कीटकाची हलकी नक्कल. ती टाकता येत असेल तर तुमच्या हाती मुरलेल्या माशासाठीचं सगळ्यांत नेमकं साधन आहे. तलावातल्या ट्राउटच्या पोटात वर्षभर सर्वाधिक आढळणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे चिरोनोमिड: डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशीची कोषावस्था. गाळातून निघून ती संथपणे वर तरंगत येते. तिची नक्कल १२ ते १६ नंबरच्या गळावर बांधून, तरंगत्या इंडिकेटरखाली (मासा लागल्याचं दाखवणाऱ्या छोट्या बोंडाखाली), तळापासून साधारण ३० सेंमी वर लटकवायची. आणि काहीही करायचं नाही. वारा जेवढं हलवेल तेवढंच. हात शिवशिवतात, पण ओढलं की नक्कल उघडी पडते.

संध्याकाळनंतर किंवा गढूळ पाण्यात काळी, गडद हिरवी जळूची नक्कल किंवा वूली बगर नावाची केसाळ फ्लाय, सावकाश ओढत. फ्लायचा रॉड नसलेल्यांनी पारदर्शक कास्टिंग बबल, म्हणजे दोरीला लावायचा पोकळ तरंगता गोळा, वापरावा. त्यात अर्धं पाणी भरलं की साध्या स्पिनिंग रॉडवरूनही हलकी फ्लाय वीस-पंचवीस मीटर जाते.

बारीक दोरीने मोठा मासा तुटणार नाही का?

ड्रॅग नीट असेल तर नाही. मी मुख्य दोरी ६ पौंडी आणि पुढची ४ ते ६ पौंडी ठेवतो. स्वच्छ पाण्यात ८ पौंडीने फटके कमी झालेले दिसतात. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा याहून जास्त. म्हणून पाण्यात फ्लुरोकार्बन कमी उठून दिसतो. तो बुडतो मात्र, हे वरच्या पाण्यात फ्लाय टाकताना आठवणीत असू द्या.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर लावा. ४ पौंडी दोरी सुमारे १.८ किलोला तुटते. म्हणजे ४५० ग्रॅमच्या ओढीला रीळ सुटू लागलं पाहिजे. छोटा वजनकाटा दोरीला अडकवून घरी एकदा तपासा. हाताच्या अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुतेकांचा जास्तच घट्ट असतो. गाठ ओली करून आवळा.

मोठा मासा काठाशी येऊन सुटतो. का?

कारण तिथे माणूस घाई करतो. जाळी पाहिली की मोठा रेनबो शेवटची धाव हमखास घेतो, आणि त्या वेळी बाहेरची दोरी चार-पाच मीटरच असते, ताण झेलायला लांबीच नसते. मासा जवळ आला की ड्रॅग किंचित सैल करा. तो उडी मारेल तेव्हा रॉडचं टोक खाली न्या म्हणजे दोरी सैल पडेल. तो एका बाजूला पळत असेल तर रॉड आडवा करून उलट दिशेला ओढ द्या. सरळ वर खेचल्याने तो थकत नाही, नुसता डोकं झटकतो.

जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून तिच्यावर आणा. शेपटीमागून जाळी घेऊन धावणारा उत्साही मदतनीस हे मोठा मासा गमावण्याचं सगळ्यांत खात्रीचं साधन आहे. मदत मागायची तर आधी सांगून ठेवा: मी म्हणेन तेव्हाच उचल.

शेजारच्याला एकामागून एक लागतायत, मला काहीच नाही.

आमिष सारखंच असेल तर फरक बहुधा खोलीचा. त्याची पुढची दोरी किती लांब आहे, फ्लोटखाली किती अंतर आहे, हे विचारा. काठावरची माणसं एवढं सांगतात. पण त्याचे मासे छोटे असतील तर हेवा वाटून तिकडे सरकू नका. छोट्यांच्या थव्यात मोठ्यापर्यंत आमिष पोचतच नाही.

बर्फाखाली मोठे मासे मिळतात का?

मिळतात, आणि लोक शोधतात त्याहून उथळ पाण्यात. दीड ते तीन मीटर पाण्यावर भोक पाडा, काठाजवळ, आणि आवाज करू नका. स्वच्छ, टणक बर्फ किमान १० सेंमी जाड असल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका. पांढरा, बर्फाळ चिखलासारखा थर याच्या निम्म्या भरवशाचाच धरावा. ओढ्याच्या मुखाशी बर्फ नेहमी पातळ असतो.

सोडून द्यायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

हवेत धरू नका. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांच्या प्रयोगात दमवलेल्या रेनबोंपैकी हवेत न काढलेले १२ टक्के मासे मेले. ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. फोटोसाठी मासा उचलून मित्राचा फोन उघडेपर्यंत एक मिनिट सहज जातं. म्हणून मासा जाळीत, पाण्यातच ठेवा. फोन तयार झाला की ओल्या हातांनी उचला, एक फोटो, परत पाण्यात.

रबरी जाळी वापरा, गाठींची नायलॉनची नको. गळ खोल गिळला असेल तर उपसून काढण्यापेक्षा दोरी तोंडाजवळ कापा. तसे मासे जास्त जगतात. आमिषाने पकडलेले मासे गळ खोल गिळतात, लूर किंवा फ्लायवरचे क्वचित. म्हणून सोडायचाच असेल तर आमिष लावू नये. पाणी २० अंशांच्या वर असेल तर सोडलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरण्याची शक्यता मोठी. त्या दिवशी ट्राउटच्या मागे जाऊ नये, किंवा नियमाप्रमाणे ठेवायचे तेवढे ठेवून थांबावं.

वजनकाट्याला न लावता वजन कळेल का?

लांबी आणि पाठीवरच्या पराजवळचा सर्वांत मोठा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले २९,०००. उत्तर किलोत येतं. ६० सेंमी लांब आणि ३८ सेंमी घेराचा मासा जवळपास ३ किलोंचा. थकलेल्या, पोट रिकामं झालेल्या ब्रूडरला हे सूत्र थोडं उदार ठरतं.

परवाना आणि नियम?

प्रत्येक तलावाचे वेगळे असतात आणि दरवर्षी बदलू शकतात. निघण्याआधी चार गोष्टी वाचा: किती मासे ठेवता येतात, मोठ्या माशासाठी वेगळी मर्यादा आहे का, आमिष चालतं का, आणि एका वेळी किती रॉड व गळ. पाण्यात दाणे-खाद्य उधळून मासे बोलावणं अनेक ठिकाणी बेकायदा आहे. काही ठिकाणी शिशाच्या वजनांनाही बंदी असते. तिथे टंगस्टन किंवा पोलाद वापरतात.

खायला कसा लागतो?

मोठा म्हणजे चविष्ट, असं नाही. निवृत्त ब्रूडरचं मांस फिकं आणि सैल असतं, विशेषतः वीण होऊन गेल्यावर. ट्रिप्लॉइड आणि शरदातला मुरलेला मासा चांगला. उथळ, शेवाळलेल्या तलावातल्या माशाला उन्हाळ्यात मातकट वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि मसाल्याने पूर्ण जात नाही.

ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर फटका देऊन मारा, कल्ल्यामागची शीर कापून रक्त जाऊ द्या, पोट साफ करा आणि बर्फात घाला. पोट साफ करताना पाठकण्याला चिकटलेली गडद लाल पट्टी, म्हणजे मूत्रपिंड, नखाने खरवडून काढा. ती राहिली की मासा दुसऱ्या दिवशीच कडवट लागतो. दोरीत ओवून दिवसभर कोमट पाण्यात लटकवलेला तीन किलोंचा ट्राउट संध्याकाळी कोणी चवीने खात नाही.